बाइकचं कूलंट बदलताना: रेडिएटर धुण्यापासून शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत

गाडी सिग्नलला थांबली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो, यात काही बिघडलेलं नाही. पण चालत्या गाडीवर, समोरून भरपूर वारा लागत असतानाही पंखा बंद व्हायचं नाव घेत नसेल, तर रेडिएटरकडे, म्हणजे इंजिनात तापलेलं कूलंट जिथे गार होतं त्या भागाकडे, बघायची वेळ झाली. बहुतेक जण अशा वेळी थेट कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, बदलायला धावतात. मी आधी टॉर्च घेऊन रेडिएटरसमोर उकिडवा बसतो. निम्म्या वेळा दोष बाहेरच सापडतो: चिखल, चिकटलेले किडे, आणि पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्यांनी आडव्या झालेल्या पात्या.

हे सगळं रेडिएटर असलेल्या, म्हणजे लिक्विड कूल्ड गाड्यांसाठी आहे. गाडी नुसती एअर कूल्ड असेल तर इंजिनवरच्या पात्यांमधला वाळलेला चिखल काढत राहा, बाकी काही करायचं नाही.

आधी बाहेरून

इंजिन पूर्ण थंड हवं. किल्ली काढून ठेवा, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद केल्यावरही आपोआप फिरतो आणि बोटं नेमकी तिथेच असतात.

रेडिएटरपुढची जाळी काढा. साधा नळीचा हलका फवारा घ्या आणि शक्य असेल तिथे मागून पुढे, म्हणजे इंजिनाकडून चाकाकडे, पाणी मारा. घाण पुढून शिरली आहे. पुढूनच पाणी मारलं तर ती आणखी आत बसते. जोरदार प्रेशरचा फवारा जवळून मारू नका. पात्या कागदाइतक्या पातळ अॅल्युमिनियमच्या असतात, एका फटक्यात गवतासारख्या लोळतात. किडे वाळून घट्ट बसले असतील तर साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा नाही.

वाकलेल्या पात्या पातळ, सपाट टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरने एकेक करून सरळ करता येतात. कंटाळवाणं काम आहे, पण दोन पात्यांच्या मधून जाणारी चपटी नळी मात्र टोचू देऊ नका. तिला भोक पडलं की रेडिएटर गळायला लागतो. सरळ न होणारा भाग साधारण २० टक्क्यांच्या वर गेला असेल तर तो रेडिएटर बदलायचाच असतो.

कूलंट बघा, मग ठरवा

गाडी सरळ उभी करून कूलंटच्या बाजूच्या छोट्या टाकीतली पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये आहे का बघा. साईड स्टँडवर कललेल्या गाडीत ही पातळी खोटी दिसते. रंग स्वच्छ असेल तर बरं. तांबूस, गढूळ किंवा तळाशी गाळ दिसत असेल तर मुदतीची वाट पाहू नका. ही मुदत बऱ्याच गाड्यांना २ वर्षांची असते, काही कूलंट जास्त टिकतात. गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. गाडी कमी चालली म्हणून कूलंट जुनं होत नाही असं नाही. गंज रोखणारी त्यातली रसायनं काळानुसारही संपतात.

टाकीत तेलाचा तवंग असेल, किंवा इंजिन ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत दुधाळ, कॉफीसारखं तेल दिसत असेल, तर इथेच थांबा. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचा जोड सील करणारी पट्टी) किंवा कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाचं सील गेलेलं असू शकतं, आणि ते काम कूलंट बदलून होत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तेही बघून घ्या. तिथून कूलंट ठिबकत असेल तर आतलं सील संपलं आहे. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, गळती बाहेर दिसावी म्हणून. एम-सील लावून ते बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग तेच कूलंट इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

काय भरायचं

सर्वसाधारण मिश्रण म्हणजे अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर. हे सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने दाब धरून ठेवला की उकळायला १२५ अंशांच्या पुढे जावं लागतं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. त्यातले क्षार गरम भिंतींवर पापुद्रा धरतात आणि क्लोराइड अॅल्युमिनियम खातं. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. रंगावर विसंबू नका, हिरवं-हिरवं सारखंच असेल असं नाही. दोन जातींची कूलंट एकत्र आली तर कधी कधी जेलीसारखा साका होतो. अॅल्युमिनियमच्या इंजिनाला आणि बाइकला चालतं असं डब्यावर लिहिलेलं हवं.

काढणं आणि धुणं

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. फडकं धरून, हळूच, थोडंसंच, असंही नाही. दाब सुटताक्षणी आतलं पाणी एकदम उकळतं आणि सरळ तोंडावर येतं. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, हाताला गार लागेपर्यंत थांबा.

वॉटर पंपाच्या कव्हरवर सगळ्यात खाली निचऱ्याचा बोल्ट असतो, बहुधा त्याला तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर असतो. खाली पसरट भांडं ठेवा आणि बोल्ट काढा. वरचं झाकण बंद असतं तोवर नुसती धार लागते. झाकण सोडलं की तीच धार हातभर लांब उडते, म्हणून भांडं आधीच थोडं पुढे सरकवून ठेवा. बाजूची टाकीही काढून विसळा. तळाचा गाळ तिथेच साठतो.

आता बोल्ट लावून डिस्टिल्ड वॉटर भरा, झाकण लावा, आणि पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणारी झडप, उघडला नाही तर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही, मग धुण्याला अर्थ उरत नाही. पूर्ण गार होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा, साधारण दोन-तीन वेळा. गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही.

एक हिशेब लोक विसरतात. निचऱ्याने सगळं पाणी निघत नाही. पुस्तिकेत दीड लिटर क्षमता लिहिली असेल आणि हातात सव्वा लिटरच आलं, तर पाव लिटर साधं पाणी आतच आहे. तयार मिश्रण भरलं तर ते तेवढं पातळ होणार. पाणी न मिसळलेलं, दाट कूलंट वापरत असाल तर हे पाव लिटर पाण्याच्या हिश्श्यातून वजा करा.

निचऱ्याच्या बोल्टला नवा वॉशर लावा आणि जोर आवरा. छोटा बोल्ट, मऊ अॅल्युमिनियमचे आटे. साधारण १० न्यूटन-मीटर पुरतो, नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. आटे गेले की पंपाचं कव्हरच बदलावं लागतं.

हवा काढणं

इथे मी स्वतः फसलो आहे. पहिल्या वेळी काठोकाठ भरलं, झाकण लावलं, निघालो. दुसऱ्याच किलोमीटरला तापमानाचा काटा लालच्या जवळ. कूलंट भरपूर होतं, पण मध्ये हवेचा गोळा अडकला होता आणि पंप हवाच घुसळत होता.

गाडी सरळ उभी करा. पुढचं चाक थोडं उंच ठेवता आलं तर आणखी चांगलं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात वर येतं. बारीक धारेने भरा, मध्येच थांबा. खालचा आणि वरचा होज हाताने दाबा, सोडा. तोंडाशी ‘ग्लुक’ करून बुडबुडा येतो आणि पातळी बोटभर खाली जाते. गाडी डावी-उजवीकडे हलवा, पुन्हा भरा. पुस्तिकेत हवा काढायचा स्क्रू दाखवला असेल तर तो सैल करून कूलंटची सलग धार येऊ द्या.

मग झाकण उघडंच ठेवून थंड इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, तीन-चार वेळा हलका अॅक्सिलरेटर द्या, आणि इंजिन तापायच्या आत बंद करा. पातळी उतरली असेल तेवढी भरा. टाकी वरच्या रेघेपर्यंत भरा.

झाकण लावण्याआधी त्याचा रबर तपासा. कडक, चिरलेला असेल तर झाकणच बदला. गाडी गार झाल्यावर याच झाकणातली उलटी झडप टाकीतलं कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढते. टाकी तुडुंब आणि रेडिएटर रिकामा असं दिसलं, किंवा गार झाल्यावर होज चपटा झालेला दिसला, तर आधी झाकणावर संशय घ्या. स्वस्त वस्तू आहे, म्हणून कुणी बघत नाही.

होजच्या टोकांना क्लिपजवळ दाबून बघा. फुगलेले, पिचपिचीत किंवा बारीक भेगा पडलेले होज या कामातच बदलून टाका.

आवरताना टायरवर सांडलेलं कूलंट साबणाने धुवा, ते तेलासारखं निसरडं असतं. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारीही; कुत्री-मांजरं चाटतात, मुलांना सरबत वाटू शकतं. बंद डब्यात भरून, डब्यावर नाव लिहून, जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. गटारात नको.

शेवटी पंखा एकदा चालून बंद होईपर्यंत गाडी फिरवून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनावर, टाकीची पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असेल, तर शेवटची हवाही निघाली आहे, रेघेपर्यंत भरा. रोजच उतरत राहिली, तर कुठेतरी गळतंय.