स्लाइस, हुक आणि हट्टी क्लबफेस: या चुका टाळा

गोल्फमध्ये चेंडू फेअरवे (कापलेल्या गवताची मधली पट्टी) सोडून उजवीकडच्या झाडीत गेला की पुढच्या फटक्याला बहुतेक जण पाय आणि खांदे थोडे डावीकडे वळवून उभे राहतात. चेंडू उजवीकडे जातोय ना, मग नेमच डावीकडे धरू, असा सरळ हिशेब. पण त्यामुळे स्विंगचा मार्ग आणखी डावीकडे सरकतो आणि क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) त्या मार्गाच्या मानाने अजूनच उघडा पडतो, म्हणजे उजवीकडे बघतो. चेंडू आधीपेक्षा जास्त वळतो. स्लाइस, म्हणजे चेंडूचं उजवीकडे वळत जाणं, वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही, त्यामागे बऱ्याचदा हाच उपाय असतो. (इथलं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या वाचाव्यात.)

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक निदानात होते. पूर्वी असं शिकवलं जायचं की चेंडू स्विंगच्या मार्गाने निघतो आणि मग फेस जिकडे बघतो तिकडे वळतो. चेंडूचं उड्डाण मोजणारे, रडारवर चालणारे लाँच मॉनिटर आले आणि ही समजूत मोडली. चेंडू कुठल्या दिशेला सुटणार हे मुख्यतः फेस ठरवतो. ड्रायव्हरमध्ये (सर्वात लांब फटक्याचा क्लब) फेसचा वाटा ढोबळमानाने 85 टक्के, आयर्नमध्ये (धातूच्या पातळ पात्याचे क्लब) 75 टक्के. हवेत तो किती आणि कुठे वळणार, हे फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकावर अवलंबून असतं.

एवढं लक्षात ठेवलं तर चेंडूच सगळं सांगतो. तो लक्ष्याच्या उजवीकडेच सुटला आणि आणखी उजवीकडे गेला, तर आघाताच्या वेळी फेस लक्ष्याच्या उजवीकडे बघत होता. अशा वेळी मार्गाच्या मागे लागू नका, आधी फेस सुधारा. तो डावीकडे सुटून उजवीकडे वळला, तर फेस लक्ष्याच्या डावीकडेच होता, पण मार्ग त्याहून बराच डावीकडे होता. दुखणं आता मार्गाचं आहे: स्विंग खाली येऊ लागताच खांदे फिरतात आणि क्लब बाहेरून आत कापत येतो. दोन्ही फटक्यांना आपण स्लाइसच म्हणतो, पण औषध वेगळं. म्हणून चेंडूचे पहिले काही मीटर नीट बघा. तो कुठे जाऊन पडला याकडे सगळे बघतात, कुठून निघाला याकडे फार थोडे.

ग्रिप: पकडल्यावर फेस सरळ करू नका

सरावाच्या मैदानावर हे नेहमी दिसतं. क्लब हातात येतो, दोन्ही हातांनी पकडला जातो, आणि मग चेंडूमागे ठेवताना फेस वाकडा दिसला म्हणून मनगटं फिरवून तो सरळ केला जातो. दिसायला सरळ झाला, पण स्विंगमध्ये मनगटं आपल्या मूळ जागी परत येतात आणि फेसही त्यांच्यासोबत वळतो. क्रम उलटा करा. आधी क्लब जमिनीवर टेकवा, खालची कड लक्ष्याच्या रेषेला काटकोनात आणा, मगच हात ठेवा.

डावा हात ठेवताना क्लब तळहातावर आडवा न घेता बोटांच्या मुळाशी घ्या. खाली पाहिल्यावर डाव्या मुठीचे दोन-तीन उंचवटे दिसले पाहिजेत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली खाच उजवा कान आणि उजवा खांदा यांच्या मधोमध रोखलेली असावी. एकच उंचवटा दिसत असेल तर ग्रिप कमकुवत आहे आणि फेस उघडा राहण्याकडे कल असणार. चारही दिसत असतील तर उलट, हुकची, म्हणजे चेंडू डावीकडे वळत जाण्याची तयारी. ग्लव्ह काढून बघा: तळहाताच्या खालच्या भागात, करंगळीच्या बाजूला, कातडं झिजून भोक पडत असेल तर क्लब स्विंगमध्ये मुठीत सरकतोय. तसं असेल तर फेस प्रत्येक वेळी वेगळा येणारच.

नवी ग्रिप आधी परकी वाटते आणि सुरुवातीचे चेंडू डावीकडे जातात. तिथेच लोक घाबरून जुन्या ग्रिपवर परततात. परतू नका. हात बदलले, पण उघड्या फेसची भरपाई करायची शरीराची सवय अजून जुनीच आहे. ती सुटायला वेळ द्या.

स्विंग वर गेल्यावर मनगट काय करतं

डाव्या मनगटाच्या मागच्या बाजूला खळगा पडला की फेस उघडतो. मनगट तळहाताच्या दिशेने वाकलं की तो मिटतो, म्हणजे डावीकडे वळतो. व्यावसायिक गोल्फपटू डस्टिन जॉन्सन आणि कॉलिन मोरिकावा यांचं डावं मनगट वर गेल्यावर ठळकपणे वाकलेलं दिसतं. याउलट जुन्या पिढीतल्या बेन होगनने हुकपासून सुटका करून घेण्यासाठी ग्रिप कमकुवत केली आणि वर गेल्यावर मनगटात खळगा ठेवला. 1955 मध्ये त्याने हे जाहीर केल्यावर अनेकांनी त्याची नक्कल केली. होगनचं दुखणं हुकचं होतं. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे पळतो त्याने हे औषध घेतलं तर आजार वाढणारच. थोर खेळाडूचा एकच तुकडा उचलू नका, त्याच्याभोवतीचा सगळा स्विंग वेगळा असतो.

तपासायला फोन पुरतो. लक्ष्याच्या रेषेवर, मागून, हातांच्या उंचीवर व्हिडिओ घ्या आणि स्विंग वर पोचला की थांबवा. फेस डाव्या हाताच्या कोपर ते मनगट या भागाला समांतर असेल तर ठीक. क्लबच्या डोक्याचं टोक सरळ जमिनीकडे लोंबत असेल तर फेस उघडा, आणि फेस आकाशाकडे बघत असेल तर मिटलेला.

चेंडूपाशी हात वापरून दुरुस्ती

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात डोळ्यांनी चूक पाहून हातांनी ती सुधारणं शरीराला जमतच नाही. तरीही ‘चेंडूपाशी मनगटं पलटव’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मनापासून नको वाटतो. वेळ जुळली तर चेंडू सरळ जातो, जरा लवकर पलटली तर हुक, उशिरा पलटली तर पुन्हा उजवीकडे.

याचाच भाऊ म्हणजे चेंडू उचलायचा प्रयत्न. चेंडू वर चढवायचं काम क्लबच्या लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या मागे झुकलेल्या कोनाचं आहे. खेळाडू ते हातांनी करायला जातो, वजन उजव्या पायावर राहतं, छाती फिरायची थांबते आणि क्लबचं डोकं हातांच्या पुढे निघून जातं. आयर्नमध्ये आघाताच्या वेळी हात चेंडूच्या थोडे पुढे आणि वजन बरंचसं डाव्या पायावर हवं. छाती फिरत राहिली की हातांना घाईने पलटायची गरज उरत नाही आणि फेस आघातातून बराच शांत जातो.

यासाठी कंबरेपासून कंबरेपर्यंतचा छोटा स्विंग उत्तम. शाफ्ट (क्लबची दांडी) जमिनीला समांतर येईपर्यंत मागे, तेवढाच पुढे. मागे थांबून बघा: फेसची खालची कड साधारण पाठीच्या कण्याइतकी झुकलेली असावी. पूर्ण स्विंगआधी हे छोटे फटके रोज मारा.

स्विंगला हात लावण्याआधी

ड्रायव्हरमध्ये फटका फेसच्या कुठल्या भागात बसला यानेही चेंडू वळतो. टाचेकडे (दांडीच्या बाजूला) बसला तर उजवीकडे, टोकाकडे बसला तर डावीकडे. म्हणजे फेस सरळ असतानाही स्लाइस होऊ शकतो. फेसवर पायांना लावायची फवाऱ्याची पावडर फवारून काही फटके मारा, ठसे दिसतील. सगळे टाचेकडे असतील तर ग्रिप बदलून काही मिळणार नाही. चेंडूपासूनचं अंतर आणि तोल बघा.

चेंडूची जागाही पाहा. फार मागे ठेवला तर फेस मिटायच्या आधीच गाठला जातो. वेज (जास्त लॉफ्टचे क्लब) आणि छोटे आयर्न यांचे फटके सतत डावीकडे जात असतील आणि स्विंगमध्ये काही सापडत नसेल, तर क्लबचा लाय अँगल (दांडी आणि जमीन यांमधला कोन) तपासून घ्या. तो फार उभा असेल तर फेस डावीकडे बघतो, आणि लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम वाढतो.

पटरही (चेंडू जमिनीवरून भोकात ढकलायचा क्लब) यातून सुटत नाही. भोकाचा व्यास 108 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 54. सपाट 3 मीटरवरून चेंडू 1 अंश वाकडा सुटला तर तो मध्यापासून सुमारे 52 मिलिमीटर बाजूला पोचतो, अगदी कडेवर. चेंडूच्या थोडं पुढे दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) रोवा, मध्ये चेंडूपेक्षा जरा जास्त जागा ठेवा, आणि न लागता त्यातून चेंडू काढा. उजवी टी वारंवार लागत असेल तर पटरचा फेस उघडा येतोय.