मागच्या टायरचं माप ठरवण्याआधी

ज्या स्पोर्ट्स कारची ताकद मागच्या चाकांना जाते, तिचे मागचे टायर बहुतेक वेळा पुढच्यांच्या आधी संपतात. इंजिनाचा जोर, त्यात मागच्या चाकांना दिलेला निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला; बाहेरून नक्षी ठीक दिसत असते आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते. नवे घ्यायची वेळ आली की मोह होतोच: घ्यायचेच आहेत तर एक नंबर रुंद घेऊ. घ्यायला हरकत नाही. पण मागचं माप एकट्याने ठरत नाही, ते पुढच्या टायरला आणि रिमला विचारून ठरतं. म्हणून दुकानात फोन करण्याआधी थोडी तयारी.

सुरुवात वहीपासून. दाराच्या चौकटीवरचा किंवा पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकर वाचा, गाडीसोबतच्या पुस्तकातलं पान उघडा आणि कंपनीने दिलेली पुढची-मागची दोन्ही मापं उतरवून घ्या. मग खाली बसून सध्या लागलेल्या चारही टायरवर काय छापलंय ते लिहा. दोन्ही टिपणं जुळतीलच असं नाही. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असेल तर आधीच्या मालकाचे प्रयोग इथेच उघडे पडतात. मॉडेलचं वर्षही लिहा. होंडा एस२००० ही वरून एकच गाडी, पण सुरुवातीच्या गाड्यांना पुढे २०५/५५ आर १६ (रुंदी २०५ मिलिमीटर, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के उंच, रिम १६ इंची) आणि मागे २२५/५० आर १६, तर २००४ च्या मॉडेलपासून पुढे २१५/४५ आर १७ आणि मागे २४५/४० आर १७. नुसतं ‘एस२०००चे टायर द्या’ म्हटलं तर काय येईल याचा भरवसा नाही.

मापाच्या पुढचं लोक वाचत नाहीत, ते वाचा. ९५वाय असं काही असतं: आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०. बाजूला एन०, एमओ, एओ किंवा छोटी चांदणी असेल तर तो टायर अनुक्रमे पोर्श, मर्सिडीज, ऑडी किंवा बीएमडब्ल्यूसाठी जुळवून बनवलेला आहे. तेच नाव, तेच माप, पण आतली घडण वेगळी असू शकते, त्यामुळे एका बाजूला खुणेचा आणि दुसऱ्या बाजूला बिनखुणेचा लावू नका.

आता गणित. हे टाळता येत नाही, आणि अवघडही नाही. रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा, टायरची पूर्ण उंची मिलिमीटरमध्ये मिळते. २५५/४० आर १८ घेतला तर १०२ची दुप्पट २०४, अधिक ४५७.२, म्हणजे ६६१.२. त्याऐवजी २७५/४० घेतला तर ६७७.२, म्हणजे २.४ टक्के उंच. २७५/३५ घेतला तर ६४९.७, म्हणजे पावणेदोन टक्के ठेंगणा. इथे हमखास होणारी गडबड अशी की रुंदी वाढवताना मधला आकडा तसाच ठेवला जातो. तो आकडा टक्केवारी आहे; रुंदी वाढली की साइडवॉलही उंच होते.

ही उंची जुन्या मागच्या टायरशी ताडून पाहा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्याशी. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (जोर देताना चाक जागेवर फिरू न देणारी) चाकांच्या फिरण्याचा वेग सतत एकमेकांशी ताडत असतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा किती मोठं असणार, हे कंपनीने आधीच त्यांना सांगून ठेवलेलं असतं. दुसऱ्या पिढीच्या लोटस एलिसला पुढे १७५/५५ आर १६ आणि मागे २२५/४५ आर १७, म्हणजे मागचं चाक जवळपास सहा टक्के उंच, आणि तेच तिथे बरोबर आहे. पोर्श ९११च्या ९९७ पिढीत साध्या कॅरेराला १८ इंची रिमवर पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० येतात: फरक ३.७ टक्के. त्याच पिढीच्या कॅरेरा एसला १९ इंचीवर २३५/३५ आणि २९५/३०: फरक १.९ टक्के. म्हणजे ‘तीन टक्क्यांपर्यंत काहीही चालतं’ हा जो ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो, तो इथे अपुरा आहे. तुमच्या गाडीचं मूळ गुणोत्तर काढा, नव्या जोडीचं काढा, आणि दोन्ही शक्य तितके जवळ ठेवा. मी एक टक्क्याच्या आत राहायला बघतो. गाडीच्या चारही चाकांना ताकद जात असेल तर त्याहूनही कडक राहा, कारण तिथे हा फरक पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोडणारा क्लच पूर्णवेळ सोसत राहतो.

यात झिजेचाही हिशोब धरा, जो कागदावरच्या गणितात कुणी धरत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि बऱ्याच देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. म्हणजे नवा आणि संपलेला टायर यांच्या उंचीत १२-१३ मिलिमीटरचा, जवळपास दोन टक्क्यांचा फरक नुसत्या झिजेने पडतो. पुढचे टायर अर्धे झिजलेले असताना मागे नवे आणि वर दीड टक्का उंच माप घेतलं, तर गाडीला दिसणारा फरक अडीच टक्क्यांचा झाला. तेव्हा पुढच्या टायरची खोली मोजून तीही वहीत लिहा.

उंच टायरने स्पीडोमीटरही बदलतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, त्यामुळे कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. उंच टायर हीच शिल्लक खातो. शिवाय गिअर लांब होतात, उठाव किंचित मंदावतो. ठेंगण्या टायरने उलट: उठाव चुरचुरीत, पण हायवेवर इंजिन जास्त फिरतं.

मग रिम. तिची रुंदी आणि ऑफसेट (रिम गाडीला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे तो आकडा) बहुतेक वेळा आरीच्या मागे किंवा आतल्या बाजूला ओतलेला सापडतो: ८.५जे (रुंदी इंचांत), ईटी४५ (ऑफसेट) असं काहीतरी. टॉर्च आणि ओलं फडकं घेऊन जा, वर्षांची ब्रेकची काळी धूळ तिथेच बसलेली असते. प्रत्येक मापाला रिमच्या रुंदीची ठरलेली कक्षा असते. २४५/४०ला ८ ते ९.५ इंच, २५५/४०ला ८.५ ते १०, २६५/४०ला ९ ते १०.५. कक्षेच्या बाहेरचा टायर चढतो, हवाही धरतो, म्हणून तो चालतो असं नाही. अरुंद रिमवर रुंद टायरच्या साइडवॉल फुगून बाहेर येतात आणि वळणावर गाडी आधी टायरवर डोलते, मग वळते. स्टिअरिंगचा हा चिखल एकदा अनुभवला की वीस मिलिमीटर जास्त रबराचं कौतुक उतरतं.

टायरवर छापलेली रुंदी एका ठराविक रिमवर मोजलेली असते, हेही लक्षात घ्या. रिम अर्धा इंच बदलली की टायर साधारण ५ मिलिमीटर रुंद किंवा अरुंद होतो. सुरुवातीच्या एस२०००ची मागची रिम ७.५ इंची. २२५/५० हा ७ इंची रिमवर मोजला जातो, म्हणजे तिच्यावर तो थोडा रुंद बसतो. बरेच जण तिथे २४५/४५ आर १६ घालतात. तो ८ इंचीवर मोजला जातो, म्हणजे ७.५वर थोडा अरुंद. कागदावर २० मिलिमीटर, गाडीवर त्याहून बरंच कमी. उंचीत मात्र ही निवड समंजस आहे: ६२६.९, म्हणजे मूळ ६३१.४पेक्षा पाऊण टक्का कमी. तिथेच कुणी २४५/५० घातला असता तर ६५१.४, तीन टक्क्यांहून जास्त. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांचं माप चपलांच्या नंबरसारखं असतं. एकीचा २६५ दुसरीच्या २७५ला भारी पडू शकतो. म्हणून कंपनीच्या तक्त्यातून त्या टायरची प्रत्यक्ष रुंदी, उंची आणि दर किलोमीटरला किंवा मैलाला होणारे फेरे बघा.

जागा मोजायला मेजरटेपपेक्षा ॲलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) जुडगा कामाचा. गाडी जमिनीवर, नेहमीच्या वजनात उभी असू द्या. जॅकवर चाक खाली लोंबतं आणि सगळीकडे भरपूर जागा असल्याचा भास होतो. चाकामागून हात घालून टायरची आतली साइडवॉल आणि शॉक ॲब्सॉर्बर यांच्या मधे आधी ५ मिलिमीटरची की सरकवा, मग ६, मग ८. जी अडकेल तिच्या आधीची ती तुमची जागा. असंच ब्रेकचा होज, सस्पेन्शनचे आर्म आणि बाहेरून मडगार्डची आत वळवलेली कड इथे करा. मग सपाट जमिनीवर त्या चाकाखाली मजबूत फळ्या देऊन सस्पेन्शन दाबलं गेल्यावर पुन्हा मोजा. प्लॅस्टिकच्या अस्तरावर एखादी काळी, चकचकीत रेघ आधीपासूनच दिसली तर सध्याचाच टायर तिथे टेकतोय. तीच रिम ठेवून १० मिलिमीटर रुंद टायर घातला तर दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर जातात. रिमही बदलत असाल तर ऑफसेटचा हिशोब वेगळा करावा लागतो: ८.५जे ईटी४५वरून ९.५जे ईटी४०वर गेलात तर आत ७.७ आणि बाहेर १७.७ मिलिमीटर सरकलात. बाहेरची कड बहुधा तिथेच हार मानते.

इथपर्यंत आल्यावर स्वतःला विचारा की रुंद टायर कशासाठी हवाय. फक्त मागचाच रुंद केला तर मागची पकड वाढते आणि पुढची आहे तेवढीच राहते. गाडी वळणात नाक बाहेर काढायला लागते. ज्यांना मागचं चाक निसटण्याची धास्ती आहे त्यांना हे बरं वाटेल, पण ज्या गाडीचा सगळा आनंद तिच्या नेमक्या वळण्यात आहे, तिथे हा तोट्याचा सौदा. पावसातही हिशोब फिरतो. पुढची चाकं पाणी बाजूला सारतात आणि त्या वाटेवरून मागची जातात. मागचा टायर बराच रुंद असेल तर त्याच्या कडा न सारलेल्या पाण्यावर चालतात. तेव्हा माझं मत सरळ आहे: मूळ मापात उत्तम रबराचा टायर मिळत असेल तर तो घ्या, रुंद मापातला साधा नको. पकड रबरातून येते. ट्रॅकवर पळवायची असेल आणि रिमही रुंद घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

वजनाचा आकडा मूळपेक्षा कमी नको, वेगाचं अक्षरही नको. एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजनाचा) लिहिलेला टायर दिसला की तो जास्त ताकदीचा म्हणून लोक निर्धास्त होतात. २५५/४० आर १८ साध्यात ९५ आणि एक्सएलमध्ये ९९ मिळतो, म्हणजे ७७५ किलो; पण ते ७७५ किलो २.९ बार हवेवर, साध्याचे ६९० हे २.५ बारवर. एक्सएलमध्येही २.५च ठेवली तर तो जवळपास ६९०च पेलतो.

आता उपलब्धता. जुन्या गाड्यांची १५ आणि १६ इंची मापं चांगल्या रबरात कमी मिळतात, त्यामुळे दोन-तीन पर्यायी मापं आधीच काढून ठेवा. पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच मॉडेलमध्ये मिळतो का, हे मागचा घेण्याआधी बघा. नाहीतर पुढच्या वर्षी पुढचे बदलताना अडकाल. मागचे दोन्ही एकदमच बदला, विशेषतः लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारी यंत्रणा) असेल तर. टायर हातात आला की तारीख वाचा: शेवटचे चार आकडे २३२४ असतील तर तो २०२४च्या २३व्या आठवड्यातला. दोन्हींच्या तारखा जवळच्या असाव्यात. नक्षी एकाच दिशेची असेल तर बाणही बघा, डावा-उजवा उलटा बसवलेला मी पाहिलाय.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट करा, हवा थंड टायरमध्ये मोजून भरा, हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर रीसेट करा. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमाने. शंभर किलोमीटरच्या आसपास चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. त्याच वेळी पूर्ण वजन भरून एकदा खड्ड्याखळग्यांच्या रस्त्याने जाऊन या आणि टॉर्च घेऊन पुन्हा आत बघा. आतल्या साइडवॉलवर गोल रेघ उमटली असेल तर स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) टाकायचा विचार येईल. त्याआधी बोल्टची लांबी मोजा, कारण स्पेसर जेवढा जाड तेवढे आटे कमी धरतात, आणि जुन्या बोल्टवर तसंच चालवता येत नाही.