रेल्वेचे संभाषण ऐकताना स्कॅनरवर येणारा डिजिटल व्यत्यय

अमेरिकेतील रेल्वेचे संभाषण प्रामुख्याने १६०.२१५ ते १६१.५६५ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ॲनालॉग एफएमवर चालते. त्यामुळे या पट्ट्यात एकसुरी, करकरीत गुरगुर ऐकू आली, तर तो खरोखर व्यत्यय आहे का, हे आधी तपासावे. काही चॅनलांवर एनएक्सडीएन ही डिजिटल पद्धत वापरली जाते आणि ती उलगडण्याची सोय नसलेल्या स्कॅनरवर (अनेक वारंवारता आळीपाळीने तपासून संभाषण ऐकवणाऱ्या रेडिओवर) ते संभाषण निव्वळ गोंगाटासारखे ऐकू येते.

तसे नसेल, तर स्कॅनरचा ॲटेन्युएटर, म्हणजे येणारे सर्व संकेत क्षीण करणारी सोय, चालू करावा. ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण गुरगुर नाहीशी होऊन रेल्वेचे आवाज टिकले, तर जवळच्या एखाद्या शक्तिशाली पेजर किंवा एफएम प्रक्षेपकामुळे स्कॅनरवर अतिभार येत आहे, असे समजावे. त्यावर अँटेनाच्या केबलमध्ये योग्य फिल्टर बसवणे हाच टिकाऊ उपाय आहे. दोन्ही सारखेच क्षीण झाले, तर तो संकेत बहुधा त्याच वारंवारतेवर आहे.

घरातील उपकरणांचा संशय असल्यास स्कॅनर बॅटरीवर चालवून चार्जर, एलईडी दिवे आणि राउटर एकेक करून बंद करावेत. टोन स्क्वेल्चवर, म्हणजे ठरावीक टोन असलेलेच संकेत ऐकवणाऱ्या सोयीवर, मात्र विसंबू नये. बहुतेक रेल्वे चॅनलांवर टोन पाठवलाच जात नाही, त्यामुळे गोंगाटाबरोबर हवे असलेले संभाषणही गाळले जाते.