नवं कासव खात नाहीये? आधी पाण्यात थर्मामीटर घाला

नको झालेली स्लायडर जातीची, पाण्यात राहणारी कासवं मी गेली कित्येक वर्षं घरी घेतो आणि नीट खायला लागली की चांगल्या घरी देतो. पुण्यातल्या कोथरूड, वारजे, सिंहगड रोड, सगळीकडून येतात. नाण्याएवढं असताना हौसेनं घेतलेलं, ताटलीएवढं झाल्यावर जड झालेलं. नव्या जागी आलं की यातलं जवळजवळ प्रत्येक कासव अन्नाला तोंड लावत नाही आणि घरचे हवालदिल होतात. मग कुणी सांगतं तोंड उघडून भरवा, कुणी सांगतं व्हिटॅमिनचे थेंब पाजा. दोन्ही करू नका.

त्याआधी कासव कुठलं ते बघा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं किंवा आपल्या तळ्यातलं मऊ पाठीचं कासव असेल, तर ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. ते घरात ठेवता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

टाकी, फिल्टर, चढून बसायला कोरडा ओटा, त्यावर गरम दिवा आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) हे सगळं कासव यायच्या आधी तयार हवं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग भरा.

आता खाण्याचं. माझ्याकडे आलेलं पहिलं मोठं कासव डिसेंबरात आलं. टाकी मी गॅलरीच्या दाराशी फरशीवर ठेवली होती. अकरा दिवस त्यानं काही खाल्लं नाही. मी तासातासाला जाऊन कासवांच्या तयार खाद्याचे दाणे टाकायचो, काचेवर टकटक करायचो, ते मान आत ओढून तळाशी बसायचं. दाणे फुगून पाणी नासायचं, मग मी पाणी बदलायचो, म्हणजे पुन्हा त्याला उचलायचो. बाराव्या दिवशी सुचलं आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर पाण्यात धरला. १७ अंश! कासवाचं शरीर स्वतःहून तापत नाही. पाणी गार असेल तर पचन मंदावतं आणि पोटात गेलेलं तसंच पडून राहतं. ते खात नव्हतं हेच बरोबर होतं, चूक माझी होती. हीटर लावून पाणी २६ अंशांवर आणलं, ओट्यावर दिव्याखाली ३२ अंश ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी गांडूळ टाकलं. आधी त्यानं मान लांब करून नुसतं बघितलं. मग एकदम झडप, आणि पुढच्या पायांच्या नखांनी तोंडातलं गांडूळ ओढून तोडायला लागलं.

त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे. पहिले तीन दिवस खायला काहीच द्यायचं नाही. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र चिकटवायचं, टीव्हीपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब ठेवायची, मुलांना हात लावू द्यायचा नाही. पुण्यात हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हीटर हवाच, आणि त्याला प्लॅस्टिकची जाळी हवी, नाहीतर कासव धडक मारून हीटरची काच फोडतं.

चौथ्या दिवशी सकाळी, ते दिव्याखाली शेकून पाण्यात उतरलं की एकच गांडूळ चिमट्यानं पाण्यात हलवायचं. पाण्यातच, कारण स्लायडरला कोरड्यावर घास गिळता येत नाही. कुंडीतल्या मातीतलं गांडूळ घ्या, औषध न मारलेल्या कुंडीतलं. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं कडवट असतात, बरीच कासवं ती थुंकून टाकतात. गांडूळ सोडलं की खोलीतून बाहेर जा. समोर उभं राहून बघत बसलात तर ते खाणार नाही. अर्ध्या तासानं उरलेलं काढून टाका, पुढचा प्रयत्न परवा.

खायला घालण्यासाठी कासव वेगळ्या टबात ठेवा असा सल्ला सर्रास मिळतो. रुळलेल्या कासवाचं ठीक आहे. नव्या कासवाला रोज उचलून टबात टाकणं म्हणजे रोज नव्यानं घाबरवणं, मी ते कधीच करत नाही.

उन्हाचंही सांगतो. काचेतून यूव्हीबी आत येत नाही, म्हणून खिडकीतलं ऊन कामाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन थेट द्या, पण टाकी उन्हात ठेवू नका. एप्रिलमध्ये काचेतलं पाणी बघता बघता उकळल्यासारखं तापतं. घमेल्यात थोडं पाणी, अर्ध्यावर सावली, वीस मिनिटं, आणि तुम्ही शेजारी.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून लिहून ठेवा. धडधाकट मोठं कासव दोन आठवडे उपाशी राहिलं तरी मी धीर धरतो, पिल्लाच्या बाबतीत चार दिवससुद्धा थांबत नाही. डोळे सुजून मिटलेले असतील, नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा पोहताना एका अंगाला कलत असेल, तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. सुजलेले डोळे बऱ्याचदा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं होतात, पण ते जास्त झालं तर कातडी सोलवटते, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. मोठी मादी अस्वस्थ होऊन मागच्या पायांनी उकरत असेल तर पोटात अंडी असू शकतात. नर कधीच सोबत नव्हता तरीही. एक्स-रे काढून घ्या.

एकदा खायला लागलं की दाणे, मग अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं), किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक नको, त्यानं कॅल्शियम अंगी लागत नाही. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) आणून तुकडा पाण्यात सोडा. डबीतले वाळवलेले झिंगे रोज घालू नका, त्याची चटक लागली की दुसरं काही खात नाही. पाण्याला हात लागला की साबणानं धुवा, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका खरा आहे.

आणि पंधरवड्यानंतर तुम्ही दिसताच ते काचेला नखं घासत मान वर करेल. तेव्हा मागेल तितकं देऊ नका. दाणे त्याच्या डोक्याएवढेच, आणि मोठ्या कासवाला एक दिवसाआड.