स्पीकरची केबल पारखताना
बेळगावच्या बाजारात स्पीकरची केबल मागितली की जाड, झगमगीत वेष्टनाची वायर पुढे येते. परंतु पाहायचे असते ते आतल्या तांब्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ. ॲम्प्लिफायरपासून ५ मीटरवरच्या स्पीकरपर्यंत प्रवाह जाऊन परत येतो, म्हणजे १० मीटर तांबे मोजावे लागते. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ०.१७ ओहम भरतो, तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.०७. स्पीकर ८ ओहमचा असेल, तर हा रोध ०.४ ओहमच्या आत असला की पुरे. त्यामुळे घरगुती अंतराला २.५ची साधी केबल उत्तम चालते आणि त्याहून महागडीवर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी फसगत होते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेत. एक तंतू ब्लेडने खरवडावा. आतून पांढरा निघाला, तर ती केबल घेऊ नये, कारण तिचा रोध साधारण दीडपट असतो.

दोन केबलींची तुलना करताना आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा आवाजही कानाला अधिक चांगला वाटतो. केबल दुसऱ्याने बदलावी, आणि कोणती जोडली आहे ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. ऐकायला आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे परिचित ध्वनिमुद्रण घ्यावे. तानपुऱ्याची आस आणि तबल्याची थाप नीट लक्षात राहते.

खानापूरकडच्या दमट पावसाळ्यात उघडी टोके काळवंडतात, म्हणून पावसाळ्यानंतर ती कापून नव्याने सोलावीत आणि दोन्ही स्पीकरांना धन-ऋण सारखेच जोडावे.