पंखा फिरतो, स्क्रीन काळी: घरचा पीसी सुरू होत नसेल तर

बटण दाबल्यावर काहीच हालचाल नसेल, तर आधी सॉकेट, केबल आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागचा स्विच बघा. मग प्लग काढून एसएमपीएस पूर्ण सुटा करा, 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला क्लिपने जोडा आणि मगच वीज द्या. पंखा फिरला नाही तर बहुधा एसएमपीएस गेला. फिरला तरी निश्चिंत होऊ नका; मल्टिमीटरवर पिवळी वायर 11.4 ते 12.6 व्होल्ट दाखवायला हवी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात.

पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, मग पहिला संशय रॅमवर. पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळाभर घरात ओल असते, त्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट पडतात. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅम काढून पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा नीट झटका. परत बसवताना क्लिपचा ‘कट’ आवाज आलाच पाहिजे. अर्धवट बसलेली रॅम हा नेहमीचा घोटाळा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

दरवेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल बदला, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

लोगो येऊन गाडी अडत असेल तर बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन) डिस्क दिसते का पाहा. दिसत नसेल तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदला, दिसत असेल तर विंडोजचं स्टार्टअप रिपेअर चालवा. पण हार्डडिस्क टकटक करत असेल तर रिपेअरच्या फंदात पडू नका. पीसी बंद करा, आधी डेटा काढून घ्या.