जोडलेला पीसी चालूच होत नाही? आधी खटका बघा

घरी जोडलेला पीसी बटण दाबूनही ढिम्म हलत नसेल, तर मदरबोर्ड गेला म्हणून लगेच कपाळाला हात लावू नका. आधी एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागचा खटका बघा. शून्याची बाजू दाबलेली असेल तर तो बंद आहे. हसू नका, सोलापूरच्या मे महिन्यातली अख्खी दुपार मी यात घालवलीय. मग २४ पिनची मोठी केबल आणि प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल खट्ट होईपर्यंत दाबा. दुसरी हमखास विसरते.

तरीही गप्पच? कॅबिनेटच्या बटणाची वायर मदरबोर्डवरून काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर एकत्र टेकवा. कुठल्या पिना, ते बोर्डाच्या पुस्तिकेत असतं. शेजारच्या पिनेला लागू देऊ नका. पंखा फिरला की समजा, बटण खराब किंवा वायर चुकीच्या जागी.

पंखा एक गिरकी घेऊन थांबतोय? बोर्डाखाली जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा धातूचा खुंटा) राहून शॉर्ट होतंय का बघा. बोर्ड बाहेर काढून, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा.

आणि घराशेजारी यंत्रमाग असेल, तर रॅमच्या खाचेत सुताची तूसही सापडेल. प्लग काढून मऊ ब्रशने झाडा.